पक्ष एकच होता

एखाद्या पुढाऱ्याने पैसे खाल्ल्याची वार्ता वर्तमानपत्रात येते आणि आपण प्रथम विचारतो, तो कोणत्या पक्षाचा? उत्तर सोयीचे असेल तर संताप चढतो. अडचणीचे असेल तर आपण मुकाट्याने पान उलटतो.

१९५७ च्या डिसेंबरात लोकसभेत खासदार फिरोज गांधी उभे राहिले. सामान्य विमेदारांनी पोटाला चिमटा घेऊन आयुर्विमा महामंडळाकडे भरलेला पैसा उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत कोणाच्या हुकमाने गुंतवला गेला, याचा जाब ज्या सरकारला ते विचारीत होते, ते सरकार त्यांच्याच काँग्रेसचे होते आणि त्याचे पंतप्रधान तर प्रत्यक्ष त्यांचे सासरे होते. पक्ष एकच होता. मौन पाळणे किती सुलभ होते! शिस्तीची सबबही हाताशी होती. पक्ष एकच होता, परंतु इमान ज्याचे त्याचे होते.

पक्षाची सनद मिळाल्याने कोणी शुचिर्भूत होत नाही आणि कोणी पतितही होत नाही. मात्र पक्ष सर्वस्वी निर्दोष आहे, असेही मी म्हणणार नाही. कारण आपल्यातील प्रश्नकर्त्याला जो पक्ष द्रोही ठरवतो, तो दुर्बल शीलाला आश्रयच देतो.

त्या वेळी प्रश्न दडपला गेला नाही. न्यायमूर्ती छागलांनी मुंबईत, लोकांच्या डोळ्यांदेखत, उघड चौकशी केली. आणि अर्थमंत्री कृष्णमाचारींना पद सोडावे लागले.