खरं बोलणारं पाकीट

डिसेंबर 2024मध्ये अमेरिकेत लेजच्या साध्या खारट वेफर्सची 6,344 पाकिटं परत मागवली गेली, ओरेगन आणि वॉशिंग्टन राज्यांतून. वेफर्स खराब नव्हते. त्यात दूध असू शकतं, हे पाकिटावर आलं नव्हतं, एवढंच. एका ग्राहकाने कळवलं तेव्हा कंपनीला समजलं. पुढच्या महिन्यात तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने हा रिकॉल सर्वांत गंभीर वर्गात टाकला, म्हणजे जीवावर बेतू शकेल असा.

तेच पाकीट तुम्ही-मी बोटं चाटत संपवलं असतं. दुधाची तीव्र ॲलर्जी असलेल्याला मात्र तो एक न छापलेला शब्द महागात पडला असता. तरी ही चूक मला फारशी छळत नाही. शब्द राहिला, सापडला, माल मागे घेतला.

छळतं ते आपल्याकडचं 2015चं मॅगी प्रकरण. 5 जूनला एफएसएसएआयने मॅगी बाजारातून मागे घ्यायला लावली. गाजलं ते शिसं. पण आदेशात आणखी एक आक्षेप होता, 'नो ॲडेड एमएसजी' या ओळीवर. कंपनीचं म्हणणं, आम्ही एमएसजी वरून घालत नाही; शेंगदाण्याची प्रथिनं, कांद्याची पूड यांतून ग्लुटामेट आपसूक येतं. समजा, शब्द न् शब्द खरा. पण दुकानात घाईने पाकीट उचलणारा माणूस 'ॲडेड'पाशी थांबतो का? तो वाचतो, 'एमएसजी नाही.' तो असंच वाचणार, हे छापणाऱ्याला ठाऊक नसतं, तर ती ओळ छापण्याचं कारणच काय होतं?

(एमएसजीचा बाऊ जरा जास्तच झालाय, नेहमीच्या प्रमाणात ते सुरक्षित मानलं जातं. म्हणजे भीतीही फुगवलेली आणि तिच्यावरचा दिलासाही.)

कुणी म्हणेल, गिऱ्हाइकाने नीट वाचावं. मला हे पटत नाही. घरी कुणाकडे प्रयोगशाळा नसते. आत काय आहे ते सांगायला पाकिटाशिवाय दुसरा साक्षीदार नाही. धर्मराजाचं 'नरो वा कुंजरो वा' हेही खरंच होतं, अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होताच. तरी जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. कथेने हिशेब धरला तो द्रोणांना काय समजलं याचा.

13 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली: कंपनीचं म्हणणं नीट ऐकलं गेलं नव्हतं, चाचण्यांच्या प्रयोगशाळा मान्यताप्राप्त नव्हत्या. हेही योग्यच. आरोप करणाऱ्यालाही आपलं म्हणणं तपासून घ्यावं लागतं. तोवर हजारो टन नूडल्स सिमेंटच्या भट्ट्यांकडे निघाल्या होत्या. ती ओळ काढून टाकू, असं कंपनीने जूनमध्येच सांगितलं होतं. त्यासाठी आतल्या मसाल्यात चिमूटभरही बदल करायची गरज नव्हती.