आकड्यामागचा घाणा

आज थोडा वेळ एका आकड्यापाशी बसू या. मोबाइल बाजूला ठेवू नका, हातातच असू द्या. तुमच्या ऑनलाइन दुकानात ‘भाजणीची चकली, 250 ग्रॅम’ या नावासमोर किती पाकिटं शिल्लक दिसतात, ते पाहा. 21 दिसतात असं धरू. हा आकडा कुठून आला, एवढंच स्वतःला विचारा. उत्तराची घाई नको.

आता मनानेच तळणीपाशी जा. पुनावळ्यातल्या एखाद्या सोसायटीतलं स्वयंपाकघर. एका दळणाची भाजणी, एका डब्यातलं तेल, एक सकाळ. एकामागून एक घाणे उतरतात. गार झालेल्या चकल्यांचं वजन भरतं 6 किलो 200 ग्रॅम. त्यातले तुकडे 400 ग्रॅम. ते घरच्या डब्यात जातात. उरलेल्याची 23 पाकिटं होतात आणि 50 ग्रॅम चकली ताटलीत राहते. एका पाकिटाचं सील नीट बसत नाही. एक पाकीट तारीख घालून नमुना म्हणून फडताळात ठेवायचं, म्हणजे महिन्याभराने फोडून कुरकुरीतपणा बघता येतो. विक्रीला उरतात 21.

इथे जरा थांबा. 6 किलो 200 ग्रॅमपासून 21 पर्यंतची ही वाट तुमच्या वहीत आहे का? की ‘पंचवीसेक होतील’ असा अंदाज बांधून आकडा आदल्या रात्रीच दुकानात चढवला होता? स्वतःला दोष देऊ नका, फक्त बघा. अंदाजाने चढवलेला आकडा म्हणजे न तळलेल्या चकलीचे घेतलेले पैसे.

आता ती 21 पाकिटं हलताना पाहा. पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या पवनाथडी जत्रेत बचत गटाचा स्टॉल लागला आहे. तुम्ही 9 पाकिटं पिशवीत भरता. त्याच क्षणी ऑनलाइन शिल्लक 12 झाली पाहिजे; जत्रेहून परतल्यावर होणारी नोंद उशिराची. संध्याकाळी 4 पाकिटं परत आली आणि मधल्या वेळात ऑनलाइन काही गेलं नाही, तर 16. शेजारच्या काकूंना चवीला दिलेलं पाकीटसुद्धा वहीतून वजा व्हायला हवं. नोंद एकाच जागी, एकाच हाताने व्हावी. दुकानातला आकडा तिथूनच यावा. दोन ठिकाणी वेगवेगळं लिहिलं की दोन सत्यं तयार होतात आणि गिऱ्हाइकाच्या वाट्याला तिसरंच काही येतं.

मन अजून थोडं खोल जाऊ द्या. समजा, आठवड्याभराने या 16 पैकी 5 उरली आणि नव्या घाण्याची 11 त्यात मिसळली. दुकानाला पुन्हा 16 कळतात, पण त्या 16 मधली कोणती पाकिटं कोणत्या दिवशीची, हे बहुतेक साध्या ऑनलाइन दुकानांना कळत नाही. त्यांच्या लेखी सगळी चकली सारखीच. तुमच्या लेखी ती सारखी नाही. गेल्या आठवड्याची 5 आणि आजची 11 यांचं तेल वेगळं, दळण वेगळं, मुदत वेगळी. ज्याची मुदत आधी संपते ते आधी जावं. नोव्हेंबर 2024 मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना सांगितलं, की पाकीट हाती पडताना त्याची निदान 30 टक्के मुदत किंवा 45 दिवस शिल्लक असावेत. घाण्याची तारीख शिलकीला जोडलेली नसेल, तर हा हिशेब मांडणार कशावरून?

याच पट्ट्यातल्या कारखान्यांना ही शिस्त नवी नाही. भोसरीच्या वर्कशॉपमध्ये बार कापला, तरी त्याचा हीट नंबर तुकड्यावर पुन्हा पंच करतात, म्हणजे पोलाद कोणत्या वितळीतलं हे शेवटपर्यंत कळतं. दोष सापडला तर चाकणमध्ये बनलेल्या गाड्या चासी नंबरावरून परत बोलावता येतात. खाद्यपदार्थाच्या लेबलवर बॅच क्रमांक लागतो तोही याचसाठी. पण पाकिटावरचा क्रमांक ऑर्डरच्या नोंदीत उतरला नाही, तर तो नुसता छापलेला राहतो.

आता शेवटची गोष्ट मनात आणा. एका ताईंचा फोन येतो: ‘चकलीला खवट वास येतोय.’ छातीत धस्स होतं. नोंद असेल तर त्यांच्या ऑर्डरवरून घाणा सापडतो, घाण्यावरून तेलाचा डबा आणि त्याच तेलाची पाकिटं गेलेली बाकीची घरं. त्या घरांना तुम्ही आपणहून फोन करू शकता. फडताळातला नमुनाही फोडून बघता येतो. नोंद नसेल तर सगळ्यांनाच कळवावं लागतं, नाहीतर गप्प बसावं लागतं.

देहू इथून फार लांब नाही. तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. ती लोकांकडून येणं असलेल्या पैशांची होती. येणं सोडण्याचा अधिकार आपला असतो. घाण्याची वही हे आपलं गिऱ्हाइकाला देणं आहे. ते सोडून देणारे आपण कोण?

तेव्हा पुढच्या वेळी कढई उतरवली की एवढं करा: तारीख, बॅच क्रमांक, दळण, तेल, भरलेलं वजन, बाद झालेलं, विक्रीला उरलेलं, सगळं एका ओळीत लिहा. मग त्या ओळीतला शेवटचा आकडा दुकानात चढवा. त्याआधी नाही.