चुका वाढवणारं औषध

१० मार्च २०२० रोजी कलबुर्गीतले ७६ वर्षांचे एक गृहस्थ वारले. दोन दिवसांनी तपासणीचा निकाल आला आणि तो कोरोनाचा देशातला पहिला मृत्यू ठरला. कलबुर्गीपासून आळंद, बसवकल्याण, भालकीपर्यंत जो तो एकच विचारत होता, यावर औषध काय?

पुढे जी औषधं आली, त्यांतलं मोलनुपिराविर विचार करायला लावणारं आहे. ते विषाणूला थेट मारत नाही, चुकायला लावतं. कोरोनाची जनुकीय संहिता सुमारे तीस हजार अक्षरांची. तिच्या प्रती काढतच तो वाढतो. प्रती काढताना असे विषाणू मुळातच चुकतात, आणि त्या चुकांतूनच त्यांची नवी रूपं निघतात. पण चुकण्यालाही हद्द असते. पोथी उतरवताना पानामागे एखादं अक्षर चुकलं तर अर्थ लागतो. ओळीओळीत चुकलं आणि त्याच प्रतीवरून पुढची प्रत निघाली, तर थोड्याच प्रतींत पोथी वाचण्यासारखी राहत नाही. ही हद्द शास्त्रज्ञ मानफ्रेड आयगेन यांनी १९७१ मध्ये गणिताने मांडली. २००१ मध्ये शेन क्रॉटी, राउल आंदिनो आदी संशोधकांनी रिबाविरिन हे औषध वापरून पोलिओच्या विषाणूवर ती पडताळून पाहिली. मोलनुपिराविरचा रेणूही संहितेत खऱ्या अक्षराच्या जागी जाऊन बसतो आणि कधी ‘सी’ म्हणून वाचला जातो, कधी ‘यू’ म्हणून.

२८ डिसेंबर २०२१ला त्याला भारतात आपत्कालीन मंजुरी मिळाली. सकाळी चार, संध्याकाळी चार, अशा पाच दिवसांत चाळीस कॅप्सूल. पण आठवडाभराने भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेचे तेव्हाचे महासंचालक बलराम भार्गव यांनी सुरक्षिततेबद्दल गंभीर शंका मांडल्या, आणि राष्ट्रीय उपचारपद्धतीत हे औषध घेतलं गेलं नाही. साथ ऐन भरात असताना असा नकार द्यायला धैर्य लागतं. जो रेणू विषाणूची संहिता बिघडवतो, तो पोटातल्या गर्भाला अपाय करणार नाही, याची हमी कोण देणार?

दुसरा धोका सप्टेंबर २०२३ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकातल्या अभ्यासाने दाखवला. जिथे हे औषध भरपूर वापरलं गेलं, तिथल्या काही विषाणूंत त्याच्या खास चुकांचा ठसा सापडला. बदललेले ते विषाणू क्वचित एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याच्या खुणाही दिसल्या. चुका हद्दीपलीकडे गेल्या तर विषाणू संपतो. अलीकडे राहिल्या तर तो बदलून जगतो.

आपल्याकडे ताप उतरला की उरलेल्या गोळ्या फडताळात जातात आणि पुढच्या खेपेला शेजारघरी पोचतात. या औषधाच्या बाबतीत तरी तसं करू नका. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ते घेऊ नका, घेतलं तर मध्येच सोडू नका, आणि घरात कोणी गरोदर असेल तर तिला ते चुकूनही देऊ नका.