पिंपात आधी काय होतं?

शीळफाट्याला जुन्या वस्तूचा निकाल दोन शब्दांत लागतो: चालू, नाहीतर भंगार. मुंब्र्याहून पनवेलकडे जाणारा जुना मुंबई-पुणे रस्ता आणि कल्याणचा रस्ता इथं मिळतात. या दोन्ही रस्त्यांच्या कडेनं पत्र्याची गोदामं आहेत. मोडक्या खुर्च्या, गाड्यांचे पत्रे, निळी-काळी पिंपं, सगळं तिथं येऊन पडतं. त्यातून कुणी एखादी वस्तू उचलून पुन्हा कामाला लावली, की आपण त्याला शाबासकी देतो. जुनं वाचवणं हे पुण्यच, असं आपण धरून चालतो. ते तसं असतं का, एवढाच माझा प्रश्न आहे.

माझ्या पुतण्यानं अशाच एका गोदामात तराफा हेरला. लोखंडी पिंपं टोकाला टोक जोडून केलेल्या दोन रांगा, वर अँगलचा सांगाडा, त्यावर प्लायवूड. खाजणातल्या आमच्या तळ्यात जाळं टाकायला तो उपयोगी पडला असता. शिवाय स्वतःच्या हातानं दुरुस्त केलेली पहिली वस्तू, ही पोराची हौस. अमेरिकेत मिनेसोटा राज्यात ॲम्ब्रोज वीअर्स नावाच्या शेतकऱ्यानं १९५० च्या सुमारास अशीच पिंपं जोडून वर लाकडी फळी टाकली, आणि त्यातूनच तिकडच्या पाँटून बोटींचा धंदा उभा राहिला. म्हणजे कल्पना शेतकऱ्याचीच. आपल्याला परकी नाही.

जुना तराफा बघायचा कसा, हे चुलत्यांनी शिकवलं. उमेदीत ते खाडीत रेतीच्या होडीवर होते. म्हणाले, "रंग नको बघूस. एक बाजू उचल अन् हलव." आत पाणी असेल तर डुचमळतं. मग टिचकी मारायची. गंजून पातळ झालेला पत्रा बद्द वाजतो. जोडाजोडावर साबणाचा फेस लावायचा, आत बेतानं हवा भरायची. बुडबुडा आला तिथं भोक. प्लायवूडची कड पेचकसानं टोचायची. आत शिरला तर फळी कुजली. या सगळ्यात तराफा बऱ्यापैकी पास झाला. भावही परवडणारा होता.

मग चुलत्यांनी विचारलं, "पिंपान आधी काय व्हतं?"

गोदामवाला खरं बोलला. "केमिकल. धुऊन घ्या, काय नाय होत." धुतलेलं पाणी टाकायचं कुठं? त्यानं हात दाखवला. मागं नाला होता. नाला खाडीला मिळतो, आणि भरतीला खाडीचंच पाणी उघाडीतून आमच्या तळ्यात येतं.

लाकडी होडीला हा प्रश्न कधी पडला नाही. याच कल्याणला शिवाजी महाराजांनी १६५७ साली ठाणं जिंकल्यावर जहाजं बांधायला घेतली. तेव्हाची असो की माझ्या लहानपणीची, लाकडी होडी म्हातारी झाली की चिखलात कुजायची नाहीतर चुलीत जायची. तिच्या अंगात मुरलेलं असायचं ते खारं पाणी आणि तेल. पिंपाचं तसं नाही. त्याचा जुना धंदा त्याच्या पोटात शिल्लक असतो. बंद पिंपात वाफ उरली असेल, तर वेल्डिंगच्या ठिणगीनं ते फुटतं आणि माणूस जातो. तेव्हा दुरुस्त करायचं तर आधी धुवायचं. आणि धुवायचं तर ती घाण कुणाच्या तरी दारात सोडायची.

पुतण्याचं म्हणणं पोरकट नव्हतं. "आपण नाही घेतलं तर दुसरा घेईल, आणि तोही नाल्यातच धुणार. नवीन पिंपं बनवायलाही कारखाना लागतोच ना?" याला माझ्याकडं सोपं उत्तर नव्हतं. आमच्या नकारानं खाडी स्वच्छ होणार नव्हती. पण 'दुसरा करणारच' या हिशेबात दुसऱ्याचं पाप आधीच जमा धरून आपण त्यावर सवलत मागतो, हे मला पटेना. आणि दुरुस्तीचा आनंद आपला, तिची घाण खालच्या गावाची, अशी वाटणी कुठल्या न्यायात बसते? चुलते एवढंच म्हणाले, "होरी नवी बांधशील. पानी कुठून नवं आनशील?"

शेवटी सांगाडा तेवढा घेतला. पिंपं तिथंच ठेवली. डोंबिवलीत एका लोणचेवाल्याकडून २०० लिटरची आठ प्लास्टिकची पिंपं आणली, आणि खर्च जवळजवळ दुप्पट झाला. आठ पिंपं पूर्ण बुडाली तर साधारण १,६०० किलो उचलतात. पण ती निम्मीच बुडावीत, असा हिशेब आम्ही धरला. म्हणजे ८०० किलो. त्यातून पिंपांचं आणि सांगाड्याचं वजन वजा जाता चार माणसं आणि ओलं जाळं बसतं.

ती केमिकलची पिंपं पुढं कुणी नेली असतील, कुठं धुतली असतील. तेवढा भाग आम्हाला सुटला नाही, आणि सुटला असं मी सांगणारही नाही. पण विकत घेणाऱ्यानं ते विचारायचं असतं, एवढं घरात ठरलं. पुतण्यानं तराफ्याच्या फळीवर पांढऱ्या रंगात दोन ओळी लिहिल्या आहेत. 'माणसं फक्त चार.' आणि खाली, 'पिंपात आधी लोणचं होतं.' येणारेजाणारे हसतात. हसू देत, पुढं कधी हा तराफा विकला, तर घेणाऱ्याला विचारावं लागणार नाही.