हात वर करण्याआधी

अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात हक्कांचा विषय निघाला की तो बहुधा कुपोषणापासून सुरू होतो आणि तिथेच संपतो. १९९३ मध्ये इथल्या बालमृत्यूंच्या बातम्या राज्यभर गेल्या. पत्रकार शीला बारसे यांनी मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे २००७ मध्ये डॉ. राजेंद्र बर्मा यांची जनहित याचिका आली. न्यायालयाने सरकारला वारंवार खडसावलं. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू आदिवासी लेकरांपर्यंत राज्यघटनेचा जीविताच्या हक्काचा २१वा अनुच्छेद असा याचिकेच्या वाटेने पोचला. त्याचं मोल मी कमी लेखत नाही.

पण त्याच अनुच्छेदात जीविताच्या शेजारी व्यक्तिस्वातंत्र्य आहे. आपण मात्र दोघांची ताटातूट केली. जीवित आरोग्य खात्याकडे सोपवलं आणि स्वातंत्र्य म्हणजे शहरातल्या शिकलेल्यांचं बोलणं-लिहिणं, असं धरून चाललो. या ताटातुटीची किंमत काय, ते गावांच्या पुनर्वसनात दिसतं.

मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४चा. त्यातल्या गावांना बाहेर काढायचं तर कायद्याने अनेक अटी घातल्या आहेत; त्यांतल्या तीन कळीच्या. आधी लोकांचे वनहक्क मान्य करायचे. मग माणूस आणि वाघ एकत्र नांदूच शकत नाहीत हे दाखवायचं. आणि ग्रामसभेची मोकळी, माहितीपूर्ण, लेखी संमती घ्यायची. २००६च्या वनहक्क कायद्यातली ही तरतूद मला आपल्या लोकशाहीची फार मोठी कमाई वाटते. इथे कुणी वकील लागत नाही, नागपूर-मुंबई गाठावी लागत नाही. आपल्याच गावात बसून कोरकू बाई सरकारला ‘नाही’ म्हणू शकते. ओडिशात नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी २०१३ मध्ये खाणीला असंच ‘नाही’ म्हटलं आणि ते टिकलं.

आता असं एखादं गाव डोळ्यांसमोर आणा. नाल्याला पूर आला की वाट बंद. उपकेंद्राला कुलूप. वीज नाही, कारण वनखात्याची परवानगी नाही. अडलेल्या बाळंतिणीला धारणीच्या रुग्णालयात न्यायचं तर आधी खाटेवरून रस्त्यापर्यंत. अशा गावात अधिकारी येतो आणि कुटुंबामागे दहा लाखांचं, २०२१ नंतर पंधरा लाखांचं पॅकेज समोर ठेवतो. ज्या आईचं लेकरू वाटेत गेलं, ती हात वर करणारच. कागद नियमात बसतो. त्याला स्वेच्छा म्हणायला माझं मन धजत नाही. राहणं अशक्य करून ठेवायचं आणि मग ‘जाता का?’ विचारायचं, यात निवड कुठे आहे?

काही कुटुंबांना मनापासून जायचं असतं, हेही तितकंच खरं. पोरांना कॉलेज हवं, दारात एस.टी. हवी. कोरकूंनी जंगलातच राहावं असं अमरावतीत बसून ठरवणारे आपण कोण? त्यांचा ‘होय’ही स्वतंत्रच असला पाहिजे. पण केलपाणी, गुल्लरघाट, धारगड इथली माणसं अकोला जिल्ह्यात वसवल्यानंतर जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा जंगलात शिरली. कबूल केलेल्या सोयी मिळाल्या नाहीत, ही त्यांची तक्रार होती. वनखात्याच्या माणसांशी संघर्ष झाला, दोन्हीकडचे जखमी झाले. दिलेला होकार काही वर्षांतच असा उलटत असेल, तर तो घेतला कसा गेला याची चौकशी व्हायला हवी.

धारणी हा घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला आदिवासी प्रदेश. घटनेने देशात कुठेही राहण्याचा हक्क सर्वांना दिला, पण आदिवासींच्या हितासाठी त्यावर मर्यादा घालायलाही १९व्या अनुच्छेदात वाव ठेवला. म्हणजे बाहेरच्यांचं पाऊल आवरून आदिवासींची भूमी राखायचा विचार तिथे आहे. मेळघाटात मात्र आदिवासींनाच हलवलं जातं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. ग्रामसभेचा संमतीचा ठराव तपासताना त्याच गावाची मागच्या दहा वर्षांची आरोग्य-नोंद शेजारी ठेवावी: परिचारिका होती का, रस्ता झाला का, किती बाळं दगावली. ठराव कोरकूत वाचून दाखवला का, तेही विचारावं. आज बालमृत्यूंची फाइल आरोग्य खात्यात आणि पुनर्वसनाची वनखात्यात असते. उच्च न्यायालयाने दोन्ही एकाच सुनावणीत मागवाव्यात.