शिकंज्याची दोन मिनिटं

बुऱ्हाणपूरच्या कापडाची ख्याती जुनी. सतराव्या शतकात ताव्हेर्निए नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या इथे आला, तेव्हा इथलं तलम कापड इराण-तुर्कस्तानपर्यंत जात असल्याचं त्याने लिहून ठेवलं. आज गल्लोगल्ली यंत्रमाग खडखडतात, आणि मागाचा लाकडी भाग मोडला की सुतार लागतोच.

अशाच एका गल्लीत एक म्हातारा सुतार होता. हाताखाली रावेरहून आलेला भाचा. पोरगा चलाख, पण उतावळा. मामांचा एकच हेका: लाकूड शिकंज्यात आवळल्याशिवाय ड्रिल मशीनवर भोक पाडायचं नाही. भाच्याला ते पटेना. भोकाला अर्धं मिनिट, आवळायला दोन मिनिटं, हा कुठला हिशेब! शिवाय तरुणपणी मामा सामत्याने, म्हणजे दोरीने फिरवायच्या हातड्रिलने, भोकं पाडत, तेव्हा लाकूड पायाखालीच तर दाबत.

एके दुपारी एक मागवाला धावत आला. त्याची पिकिंग स्टिक तुटली होती. धोट्याला फटका देऊन या टोकाकडून त्या टोकाला धाडणारी ही काठी नसली की माग बंद, मजुरी बंद. मामा जेवायला गेले होते. भाच्याने मागवाल्यासाठी चहा मागवला, नवी काठी तासली, मशीनखाली हाताने धरली आणि दांडा ओढला.

बिट निमूटपणे खाली उतरलं. घात झाला तो तळाशी. भोक आरपार होताना शेवटचा पातळ थर एकदम फाटतो आणि बिटाची धार लाकडात रुतते. काठी हातातून हिसकली, गर्रकन फिरली आणि चहाचा ग्लास घेऊन भिंतीवर आदळली. भाच्याचा अंगठा टरारून सुजला. हाड वाचलं, हे नशीब.

मामा आले. ओरडले नाहीत, ओरडण्यासारखं होतं, तरी.

"सामत्याला दोरी असते," ते म्हणाले. "बिट अडकलं की दोरी घसरते. मोटर कशाला घसरेल? तुझ्या मनगटात जोर आहे रे, पण जे काम शिकंज्याचं, ते हाताला सांगू नये."

मग त्यांनी दुसरी काठी घेतली. खाली टाकाऊ फळी घातली, म्हणजे तळाचा पापुद्रा फाटत नाही. काठीचं लांब टोक डावीकडे, मशीनच्या खांबाला टेकेल असं ठेवलं. वरून पाहिलं तर बिट घड्याळाच्या काट्यासारखं फिरतं. शिकंजा सुटलाच, तर ते टोक खांबावर अडतं, माणसाच्या पोटाकडे येत नाही. दोन शिकंजे आवळले. भाच्याला हातमोजे काढायला लावले, कारण मोजा बिटात गुंतला की हातही त्याच्यामागे जातो.

"आणि तुकडा लहान असला तर, मामा?"

"तर शेगड्याच्या जबड्यात आवळून धरायचा. बोटांत नाही."

मागवाला काठी घेऊन गेला. चहावाला फुटलेल्या ग्लासाचे पैसे मागायला आला, तेव्हा मामांनी ते भाच्याच्या मजुरीतून दिले.