चारशे रुपयांची फ्रेम

इचलकरंजीत मागांचा खडखडाट रात्रीही थांबत नाही, आणि पाळी सुटली की रस्त्यावर अजूनही सायकली दिसतात. सुवर्णाचे आबा अशाच एका कारखान्यात जॉबर. माग बिघडला की तो चालू करून द्यायचा, ही त्यांची नोकरी. घरात काही बिघडलं तर ते मात्र सुवर्णानं उघडून बघायचं, ही त्यांनीच लावलेली शिस्त. बारावीतल्या पोरीच्या हातात पाना शोभत नाही, असं त्या घरात कुणालाच वाटत नव्हतं. मला या घराचं हे फार आवडतं.

आबांची सायकल काळी, रॉड ब्रेकची, 22 इंची. कॅरिअरवर कधी सुताची बाचकी, कधी गॅसची टाकी. काही दिवसांपासून पायडलवर जोर दिला की खालून करकर आवाज येई. चेन असेल म्हणून तेल घालून झालं, तरी आवाज जाईना. शेवटी एका रविवारी सुवर्णानं सायकल उलटी केली आणि रॉकेलच्या चिंधीनं चिखल पुसून काढला. पुढची तिरकी नळी खाली ज्या सांध्यात शिरते, तिथं काळ्या रंगावर केसाएवढी तांबूस रेघ होती. तिनं नख फिरवलं, तर ते अडकलं. पायडल दाबलं की रेघ किंचित उघडायची, सोडलं की मिटायची.

सायकल बहुधा इथंच मरते. पावसाचं पाणी सीटच्या नळीतून आत उतरतं आणि फ्रेमच्या सगळ्यात खालच्या जागी, एक्सल बसतो त्या नळकांड्यात साचतं. वरून रंग शाबूत असतो, पण आतून पत्रा खात जातो. त्यात पाय मारण्याचा सगळा जोरही याच सांध्यावर येतो.

"वेल्डिंग मारून आणू," आई म्हणाली. आबांनी मान हलवली. हे सांधे कारखान्यात पितळेनं झाळलेले असतात. पातळ नळीवर साधं वेल्डिंग मारलं की शेजारचा पत्रा जळतो, आणि पुढचा तडा त्या टाक्याला लागूनच जातो. त्यांनी असे तुटलेले सांधे पाहिले होते. म्हणून आठवड्याच्या पगारातून नवी फ्रेम घ्यायची ठरली, बाकी सगळं जुनंच. पुढच्या चाकाचा चिमटाही जुनाच राहणार होता, त्यामुळे आबा तो सोबत घेऊनच दुकानात गेले. 22 इंची फ्रेमचा चिमटा 24 इंचीला आखूड पडतो.

मग अंगणात पोतं अंथरलं. चाकं, मडगार्ड, स्टँड, हँडल, सीट हे भराभर निघालं. खरं काम होतं क्रँकचं. क्रँक एक्सलवर धरून ठेवणारी खीळ म्हणजे कॉटर. तिचं नट सुवर्णानं पुरतं काढलं नाही. आट्यांच्या टोकाशी आणून ठेवलं, म्हणजे हातोडीखाली आटे चेपायला नकोत. क्रँकखाली लाकडाचा ठोकळा दिला आणि एकच सरळ घाव घातला. भीत भीत दहा टोले मारले की कॉटर वाकते आणि मग ड्रिलशिवाय निघत नाही. एक्सलचे छर्रे ज्यात बसतात त्या कपांपैकी डावा नेहमीसारखा सुटला. उजव्याचे आटे उलटे असतात, तो घड्याळाच्या दिशेनं फिरवला तर सुटतो. पायडल मारताना तो आपोआप ढिला होऊ नये म्हणून ही योजना आहे. हे माहीत नसलेले लोक पान्याला पाइप लावून जोर करतात आणि कप आणखी आवळतात.

नव्या फ्रेमच्या आट्यांत रंग भरलेला होता. सुवर्णानं तारेच्या ब्रशनं तो खरवडला, ग्रीस लावलं आणि कप आधी नुसत्या बोटांनी फिरवला. दोन-तीन फेरे हातानं सरळ गेल्याशिवाय तिनं पान्याला हात लावला नाही. पाव इंची छर्रे नवे आणले होते, एका बाजूला 11. ग्रीसमध्ये ते मांडले की एक जागा रिकामी दिसते आणि बारावा बसवावासा वाटतो. तो बसवायचा नसतो. छर्र्यांना फिरायला तेवढी मोकळीक लागते. शेवटी कॉटर. क्रँक आडव्या धरल्या तर एका कॉटरचं नट वर यायला हवं, दुसऱ्याचं खाली. दोन्ही एकाच बाजूनं ठोकल्या की पायडलं एका रेषेत येत नाहीत.

चेन चढवण्याआधी तिनं ती मापली. नव्या चेनच्या 24 कड्या बरोबर 12 इंच भरतात. ही भरली 12 इंच आणि वर एक सूत. अर्धा सूत वाढली असती तर नुसती चेन बदलून भागलं असतं. पूर्ण सूत म्हणजे चेनबरोबर फ्रीव्हीलचे दातही झिजले. आता नवी चेन घ्यायची तर फ्रीव्हीलही नवं घ्यायला हवं, नाहीतर जुन्या दातांवर नवी चेन उडत राहते. आणि पगार तर फ्रेममध्येच संपला होता.

नेमके तेव्हाच बाळूकाका आले. गल्लीच्या तोंडाशी जुन्या सायकली घेऊन, रंगवून विकायचा त्यांचा धंदा. भिंतीला टेकवलेल्या जुन्या फ्रेमकडं बघत ते म्हणाले, "हिचं काय करणार? चारशे देतो."

"काका, तडा गेलाय," सुवर्णानं बोट ठेवून दाखवलं.

"दिसतोय की. पट्टी ठेवून वेल्डिंग मारतो, वर पुट्टी, काळा रंग. आठवड्यात खपती."

चारशे रुपयांत चेन आणि फ्रीव्हीलची सोय झाली असती. आबा म्हणाले, "देऊन टाक. आपण काय लपवलं का? तडा दाखवूनच देतोय."

आबांचं चुकत नव्हतं. खोट सांगून माल विकणारा माणूस बाजारात प्रामाणिकच गणला जातो. पण हा प्रामाणिकपणा बाळूकाकांच्या दारापर्यंतच पोचणार होता. त्यापुढं काळा रंग होता.

"काका, पुढच्या माणसाला सांगणार का तुम्ही?" सुवर्णानं विचारलं.

बाळूकाका चिडले नाहीत. सरळच म्हणाले, "सांगितल्यावर कोण घेईल, पोरी?"

"मग घेतं कोण?"

"कोण म्हणजे? मागावर नवीन आलेली पोरं. नव्या सायकलीला पैसं कुठलं त्यांच्याकडं?"

सुवर्णानं अशी पोरं रोज पाहिली होती. दोन बाचकी लादून ती पुलाचा चढ उभ्यानं चढतात, सगळं वजन एका पायडलवर आणि पाठीमागं ट्रक. सांधा तुटतो तो नेमका अशाच वेळी, आणि माणूस हँडलवरून पुढं फेकला जातो. तेव्हा हा तडा आधी कुणाला दिसला होता, हे विचारायला कुणी येत नाही.

ती घरात गेली आणि हॅक्सॉ घेऊन आली. "आबा, धरता का जरा?"

आबांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग फ्रेम आडवी केली, एक पाय तिच्यावर ठेवला आणि नळी घट्ट धरली. सुवर्णानं तिरकी नळी तड्याच्या वर कापली आणि सीटची नळीही मधोमध कापली, म्हणजे जोडण्याचा मोह कुणालाच व्हायला नको. पहिल्या कापातून गंजाची पापडी आणि काळं पाणी पोत्यावर पडलं. नळीची कड एका बाजूला जाड होती, दुसरीकडं कागदासारखी पातळ.

"फ्रेम न्हाई, चारशे रुपये कापलंस," असं म्हणून बाळूकाका निघून गेले. त्यांचा हिशेब त्यांच्या जागी बरोबर होता. त्यांना चार पोरं आहेत आणि धंदा मंदा आहे, हे गल्लीला ठाऊक होतं. पण दुसऱ्याच्या जिवावर बेतणारा व्यवहार गरजेपोटी केला म्हणून योग्य ठरत नाही, असं मला वाटतं.

नव्या फ्रेमवर जुनीच चेन आणि जुनंच फ्रीव्हील चढलं. एकमेकांबरोबर झिजलेली ती जोडी आणखी काही आठवडे निभावून गेली, मग पगारातून दोन्ही नवी आली. जुन्या फ्रेमचे तुकडे भंगारवाल्यानं काट्यावर घातले आणि नव्वद रुपये दिले.

तुमच्या जिन्याखाली किंवा माळ्यावर तडा गेलेली फ्रेम पडून असेल, तर ती कुणालाही देऊ नका, अगदी फुकटसुद्धा नाही. आधी दोन ठिकाणी कापा, मगच भंगारात घाला.